जॅमर बसवला, पण तपासणार कोण?

लढाऊ विमान पडलं की चर्चा क्षेपणास्त्राची होते. त्याचा इशारा देणारी यंत्रणा उड्डाणापूर्वी ठीक होती का, हे फारसं कुणी विचारत नाही. इंजिन बिघडलं तर वैमानिकाला लगेच कळतं. शत्रूच्या रडारला चकवणारा जॅमर बिघडला, तर ते अनेकदा ऐन लढाईतच कळतं.

म्हणून स्वयंचलित चाचणी यंत्रं लागतात. ती खोटे रडार सिग्नल सोडतात, यंत्रणेचा प्रतिसाद मोजतात आणि नेमकं कोणतं कार्ड बिघडलंय ते सांगतात. अडचण अशी, की प्रत्येक यंत्रणेसोबत तिचं वेगळं चाचणी यंत्र येतं. ते दुसरीकडे चालत नाही.

अमेरिकेला याची मोठी किंमत मोजावी लागली. १९८० ते १९९२ या काळात तिथल्या संरक्षण खात्याने अशा यंत्रांवर आणि त्यांच्या देखभालीवर ५० अब्ज डॉलरहून जास्त खर्च केला. १९९४ मध्ये वेगवेगळ्या यंत्रांची संख्या कमी करण्याचं धोरण ठरलं. विमानवाहू जहाजांवर जागा कमी, म्हणून नौदलाने 'कॅस' ही सामायिक प्रणाली आणून अनेक जुनी यंत्रं हटवली. तरीही २००३ मध्ये तिथल्या सरकारी लेखापरीक्षकांनी सुनावलं, की प्रगती पुरेशी नाही. धोरण होतं, पण ते तिन्ही दलांकडून राबवून घेण्याइतका अधिकार कुणाकडेच नव्हता.

एकसारखी यंत्रं घेतली म्हणजे प्रश्न सुटला, असंही नाही. खरा खर्च प्रत्येक उपकरणासाठी लिहिलेल्या चाचणी प्रोग्रामचा आणि जोडणीचा असतो. यंत्र जुनं झालं की प्रोग्रामही वाया जातो. म्हणूनच आधी 'ॲटलस' ही चाचणीची भाषा आली, नंतर 'आयईईई १६७१' हे मानक. चाचणीची माहिती एका यंत्रावरून दुसऱ्यावर नेता यावी, हा त्यामागचा हेतू.

आपल्यासाठी हा विषय दूरचा नाही. भारतीय हवाई दलाकडे रशियन, फ्रेंच आणि देशी विमानं एकत्र आहेत. सुखोईची मोठी दुरुस्ती आपल्याच नाशिकजवळच्या ओझरला होते. खरेदी करारात चाचणी प्रोग्रामचे हक्क आणि खुली मानकं लिहून घेतली नाहीत, तर छोट्या बिघाडासाठीही परदेशी कंपनीचं दार ठोठवावं लागेल. शांततेत त्याची किंमत पैशात मोजता येते. युद्धात ती वैमानिकाला मोजावी लागते.