‘शिक्षा मिळाली’ म्हणजे काय मिळाले?

‘मुलाला शिक्षा मिळाली.’ हे वाक्य गोंदियातल्या सहावीच्या मुलापुढे ठेवून पाहा. घरी हिंदी बोलणारे मूल ते न अडखळता वाचेल आणि त्या मुलाला शिकायला मिळाले असे समजून खूशही होईल. मराठीत त्याला दंड झालेला असतो. ‘चेष्टा’ हिंदीत प्रयत्न, मराठीत थट्टा. ‘संसार’ तिकडे जग, इकडे घरदार. मध्य प्रदेश आणि छत्तीसगडला लागून असलेल्या आपल्या जिल्ह्यात असे शब्द मुलांना रोज चकवतात. लिपी एकच, त्यामुळे चूक कुणाच्या लक्षातही येत नाही.

‘असर’च्या २०२२ च्या पाहणीत देशाच्या ग्रामीण भागातल्या पाचवीच्या ४२.८ टक्के मुलांनाच दुसरीचा मजकूर वाचता आला. २०२४ मध्ये हे प्रमाण ४८.८ टक्के झाले. यावर चर्चा झाली, व्हायलाच हवी. पण ती चाचणी मजकूर मोठ्याने नीट वाचता येतो का, एवढेच तपासते. ज्यांना वाचता आले त्यांना कळले काय, हा प्रश्न पाचवी ते आठवीच्या वर्गात फारसा विचारला जात नाही. ‘कोण कोणास म्हणाले’ याचे उत्तर धडा न समजताही सापडते. आपल्या मुलांना अर्थाशिवाय अस्खलित वाचायची सवय नाजरामुळेही असते. त्या वाचनाची जागा वेगळी आहे. मराठीच्या किंवा इतिहासाच्या पुस्तकाला ती सवय लावली की नुकसान होते.

हे नुकसान गुणांपुरते असते तर मी लिहिले नसते. बातमीत ‘संशयित’ लिहिलेले असते, मोहल्ल्यात ते ‘दोषी’ म्हणून फिरते. ‘पोलिसांच्या म्हणण्यानुसार’ हे दोन शब्द डोळ्यांखालून निसटतात. ‘काही तरुण’ चे ‘ते लोक’ होतात. याची झळ कुणाला बसते, हे तुम्हाला सांगायला नको. आणि फॉरवर्ड करताना आपणही हेच करतो, हेही मान्य करू या.

कॉलेजात जाणाऱ्यांनी रविवारी जोहरनंतर अर्धा तास धाकट्या भावंडांना द्यावा. एकच परिच्छेद घ्यायचा, आठ-दहा ओळींचा. पहिल्यांदा नुसता वाचायचा. दुसऱ्यांदा अडलेल्या शब्दांखाली रेघ. तिसऱ्यांदा प्रश्न, आणि प्रत्येक उत्तरावर एकच उलटतपासणी: ‘कशावरून?’ मुलाने ओळीवर बोट ठेवून दाखवले पाहिजे. ‘मला वाटते’ चालेल, पण कोणत्या शब्दामुळे वाटते ते सांगायचे.

मग एक शब्द बदलून बघा. ‘गोंदियात थोडेच सारस उरले आहेत’ आणि ‘गोंदियात थोडे तरी सारस उरले आहेत’. पक्षी तेवढेच. पहिले वाक्य काळजीत आहे, दुसरे आशेवर. ‘च’ आणि ‘तरी’ यांनी काय केले ते मुलांनाच शोधू द्या. वेळ लागेल, मध्ये बोलू नका.

बालभारतीचे पुस्तक पुरते, किंवा कालचे वर्तमानपत्र. गाइड मात्र घरी ठेवून यायला सांगा.