मोतीबिंदू आणि सुईचे भय

इंदूरला नेऊन मोतीबिंदू काढवू म्हटले की खेड्यातील कित्येक आजोबा सुईच्या भयाने अंधत्वच पत्करतात. म्हणून चार शब्द लिहिणे आम्हांस अगत्याचे वाटते. १८८४ साली व्हिएन्नात डॉ. कार्ल कोलर यांनी कोकेनच्या थेंबांनी डोळा बधिर होतो हे दाखविले. (त्यापूर्वीच्या रुग्णांचे धैर्य देवच जाणे!) आजचे थेंब निराळ्या औषधाचे. डोळ्याभोवती सुई दिल्यास डोळा सहसा हलत नाही, पण क्वचित आत रक्त साकळते. नुसत्या थेंबांनी तो धोका टळतो. मात्र डोळा फिरू शकतो, म्हणून रुग्णासच नजर स्थिर ठेवावी लागते. तेव्हा सर्वांस थेंबच उत्तम, हा आग्रह आम्हांस मान्य नाही. कमी ऐकू येणाऱ्या वा डॉक्टरांची भाषा न समजणाऱ्या आजोबांस बहुधा सुईच बरी. महाराजा यशवंतराव रुग्णालयात जा वा अन्यत्र. खोकला, बहिरेपण आणि रक्त पातळ करणारी गोळी यांविषयी डॉक्टरांस आधीच सांगावे.