आधी झाडू, मग कीर्तन

‘सामाजिक विपणन’ ही संज्ञा फिलिप कोटलर आणि जेराल्ड झाल्टमन यांनी १९७१ साली रूढ केली. साबण खपविण्याचे जे तंत्र, तेच लोकहिताचा विचार रुजविण्यासाठी योजावे, हा तिचा आशय. भारताने तर त्यापूर्वीच, १९६८ साली, ‘निरोध’च्या वितरणासाठी चहा-साबण विकणाऱ्या कंपन्यांचे जाळे कामास लावले होते. तेव्हा बाजाराचे तंत्र वापरावे की नाही, हा वाद आता शिळा झाला. खरा प्रश्न वेगळा आहे : ज्याला आपण ‘ग्राहक’ समजून आवाहन करतो, तो ‘नागरिक’ म्हणून उलट प्रश्न विचारू लागला, तर त्याला उत्तर द्यायचे कोणी?

या प्रश्नाची कसोटी गाझियाबादसह पश्चिम उत्तर प्रदेशात लागली. पल्स पोलिओ मोहीम दिल्लीत १९९४ साली व देशभर १९९५ साली सुरू झाली. ‘दो बूंद ज़िंदगी की’ हे घोषवाक्य पुढे अमिताभ बच्चन यांच्या तोंडून घरोघरी पोहोचले. तरीही २००२ साली देशात आढळलेल्या १,६०० रुग्णांपैकी १,२४२ आणि २००९ साली ७४१ पैकी ६०२ एकट्या उत्तर प्रदेशातील होते. घोषवाक्य लोकांना पाठ होते. अडले होते ते अन्यत्र.

लसीकरणाची पथके दारोदार जात, पाजलेल्या मुलाच्या करंगळीला शाईची खूण करीत आणि मूल राहून गेलेल्या घरावर फुली मारीत. काही घरे दार उघडीत नसत. थेंबांनी वंध्यत्व येते ही अफवा त्यामागे होतीच; परंतु तिच्या जोडीला एक साधा, विवेकी प्रश्नही होता. नाला तुंबलेला, दवाखान्यात औषध नाही, पिण्याचे पाणी गढूळ; असे असता सरकार हेच दोन थेंब घेऊन पुनःपुन्हा दारी का येते?

या प्रश्नाला ‘अज्ञान’ म्हणून बाजूस सारणे सोपे होते. वस्तुतः संशोधनाने त्याचाच पक्ष घेतला. दाट वस्ती आणि वारंवार होणारे अतिसार यांमुळे त्या भागात तोंडावाटे दिलेल्या लशीची एकेक मात्रा इतर प्रदेशांहून कमी परिणाम करीत असे. म्हणूनच इतक्या फेऱ्या कराव्या लागत. नाल्याविषयीची तक्रार आणि लशीचे अपयश ही एकाच वास्तवाची दोन रूपे होती.

मोहिमेच्या धुरीणांनी हे कालांतराने ओळखले, हे त्यांचे श्रेय होय. वस्तीतल्याच स्त्रिया संवादासाठी नेमल्या गेल्या. जामिया मिलिया, जामिया हमदर्द आणि अलीगढ मुस्लिम विद्यापीठ यांचे साहाय्य घेतले गेले. वीटभट्ट्यांवरील स्थलांतरितांची मुले शोधून काढली गेली. उत्तर प्रदेश व बिहारमधील १०७ अतिजोखमीच्या गटांत लशीबरोबर स्वच्छता, शुद्ध पाणी आणि अतिसाराचे उपचार यांकडे लक्ष दिले गेले. २०१० साली अधिक प्रभावी द्विसंयोजी लसही आली. १३ जानेवारी २०११ रोजी हावड्यात देशातील अखेरचा रुग्ण आढळला आणि २७ मार्च २०१४ रोजी भारत पोलिओमुक्त असल्याचे प्रमाणपत्र मिळाले.

जाहिरातीचे मोल नाकारण्याचे कारण नाही. लसीकरणाचा दिवस लोकांना कळला तो तिच्यामुळेच. परंतु जाहिरात एकतर्फी बोलते. तिला हुंकाराची अपेक्षा नसते. मराठी वाचकाला याहून निराळी परंपरा ठाऊक आहे. गाडगेबाबा गावात आले की आधी हातात झाडू घेत; कीर्तन रात्री. आणि त्या कीर्तनातही ते श्रोत्यांना प्रश्न विचारीत, त्यांच्याच तोंडून उत्तर काढून घेत. त्यांच्या शब्दाला वजन होते, कारण त्यामागे झाडलेला रस्ता होता.

हा धडा पोलिओबरोबर संपत नाही. आज दर पावसाळ्यात डेंग्यूच्या फलकांवरून घरातील कूलर आणि कुंड्या कोरड्या ठेवण्याचा उपदेश केला जातो. उपदेश योग्यच आहे. पण कुंडी घरमालकाची असली, तरी गल्लीतले गटार नगरपालिकेचे असते. जे शासन नागरिकाकडून सवयी बदलण्याची अपेक्षा करते, त्याने प्रथम स्वतःच्या सवयी बदलल्याचा पुरावा त्या गल्लीत ठेवला पाहिजे. तो नसेल, तर उत्तमोत्तम घोषवाक्यही भिंतीवरच राहते.