ताप कुणाचा, शिक्षा कुणाला?

जुन्या गाडीचं इंजिन तापायला लागलं की सगळ्यात आधी शिक्षा होते ती एसीला. बॉनेट उघडल्यावर भोवती जमलेल्या चार जणांपैकी तिघं तरी सांगणार, "एसी काढून टाका, गाडी एकदम थंड!" आमच्या घरातही सध्या हाच खल चालू आहे. विषय अर्थातच बाबांची फियाट. (कागदोपत्री ती प्रीमियर पद्मिनी, १९८८ची. पण आमच्याकडे तिला पद्मिनी कुणीच म्हणत नाही.) दादा म्हणतो, एसी काढ. काका म्हणतात, एसी दुरुस्त करा, नाहीतर वहिनी उन्हाळ्यात बसणार कशा? वहिनी म्हणजे आमची आई, वय वर्षं ७८.

मंडळी, माझं मत दोघांनाही आवडणार नाही, तरी सांगतो. एसी काढावा, पण इंजिन तापतंय म्हणून नव्हे.

आधी तापाचं बघू. पेट्रोल जळून जी उष्णता तयार होते तिचा ढोबळमानाने तिसरा हिस्सा पाण्यात जातो आणि रेडिएटरमधून तो हवेत सोडावा लागतो. चालू एसी यात दोन तऱ्हेने खोडा घालतो. एक म्हणजे कॉम्प्रेसर इंजिनाचीच ताकद खातो. फियाटचं इंजिन १०८९ सीसीचं, ताकद चाळीसेक हॉर्सपॉवर. त्यातले तीन-चार एसीने नेले तर घाटात उरणार काय? दुसरं म्हणजे कंडेन्सर रेडिएटरच्या पुढ्यात बसतो. गाडीतली उष्णता तो समोरून येणाऱ्या हवेत सोडतो आणि तीच गरम हवा मग रेडिएटरच्या वाट्याला येते.

म्हणजे दादाचं बरोबर? थांबा. आमचा एसी दोन वर्षं बंद आहे. गॅस संपलाय, कॉम्प्रेसरची पुली नुसती फिरते. मग हल्ली गाडी तापते ती कशामुळे? धूळ बसलेला कंडेन्सर थोडी हवा अडवत असेल, कबूल. पण तो तर तीसेक वर्षं तिथेच आहे, आणि गाडी तापायला लागली आत्ता!

जुन्या मिस्त्री लोकांचा एक साधा ठोकताळा आहे. सिग्नलला तापते आणि मोकळ्या रस्त्यावर थंड होते, तर दोष हवेचा: पंखा, बेल्ट, पंख्याभोवतीचं आवरण. वेगात किंवा चढावर तापते, तर बहुधा दोष पाण्याचा: रेडिएटर चोंदलाय, पंप थकलाय, नाहीतर खालचा होज वेगात आत ओढला जाऊन चपटा होतोय. आमची फियाट शहरात बरी चालते आणि खंबाटकी घाटात काटा वर चढवते. बोअरचं पाणी वर्षानुवर्षं ओतल्यावर नळ्यांमध्ये क्षार बसणारच. तेव्हा पहिला संशय रेडिएटरवर. तांब्या-पितळेचा रेडिएटर उघडून नळ्यांतून सळया घालून साफ करता येतो, त्याला गॅरेजमध्ये रॉडिंग म्हणतात. ते करावं, झाकण बदलावं (त्याची स्प्रिंग ढिली पडली की दाब राहत नाही आणि पाणी लवकर उकळतं), आणि नळाच्या पाण्याऐवजी डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंट भरावं.

आता माझा खरा राग. आपल्याकडे दुरुस्ती म्हणजे काढून टाकणं. पंख्याचं आवरण खडखडतं, काढून टाक. थर्मोस्टॅट अडकतो, काढून टाक, "आपल्या हवेत लागत नाही." अहो, लागतो! तो नसेल तर इंजिन गरम व्हायला फार वेळ लागतो, तोवर पेट्रोल जास्त जातं आणि झीजही होते. बिघडलाय की नाही हे घरच्या पातेल्यात कळतं. पाणी तापवत ठेवा, उकळायच्या बरंच आधी तो उघडायला लागला पाहिजे. नसेल उघडत तर नवा बसवा. काढून टाकल्याने दोष जात नाही, नुसता दिसेनासा होतो. आणि मग एक दिवस हेड गॅस्केट जातं.

मग एसी तरी का काढायचा? त्याची कारणं वेगळी आहेत. तो कंपनीचा नाही, बाबांनी नंतर बसवून घेतलेला, डॅशबोर्डच्या खाली लटकणारा. त्यातला वायू आर-१२, ओझोनचा थर विरळ करणारा. १९८७च्या मॉन्ट्रियल करारात तो आला, भारत १९९२ साली करारात सामील झाला, आणि २०१०पासून किरकोळ वैद्यकीय अपवाद सोडता आपल्याकडे सीएफसी बंद झाले. आर-१३४ए वर नेता येतं, पण मग कॉम्प्रेसरचं तेल, सील, ड्रायर, बहुतेक नळ्या, सगळं बदला. एवढं करून भार पडणार त्याच चाळीस हॉर्सपॉवरवर. त्यातून या गाडीचा पंखा वॉटर पंपाच्या पुलीवर, बेल्टने फिरणारा. गाडी ट्रॅफिकमध्ये उभी राहिली की इंजिन मंद आणि पंखाही मंद. एसीला नेमकी तेव्हाच हवा हवी असते!

काढताना मात्र नळी कापून फुस्स करायचं नाही. आत थोडा वायू उरला असेल तर तो मशीनने काढून घेणाऱ्याकडेच जायचं. आणि बेल्ट कुठून कुठे जातो ते आधी नीट बघायचं, नाहीतर कॉम्प्रेसरबरोबर पंपाचा ताणही जायचा.

इलेक्ट्रिक पंखा बसवावा का? मूळ पंखा काढून त्याच्या जागी नको. तो बेल्ट तुटेपर्यंत इमानदार आहे, त्याला ना फ्यूज ना वायर. शहरात तरीही तापलीच, तर कंडेन्सरच्या रिकाम्या जागेत एक छोटा मदतनीस पंखा चालेल, पण रिले आणि थर्मो-स्विचसकट. हाताने चालू करायचा पंखा नेमका हवा तेव्हाच विसरला जातो.

राहिला आईचा प्रश्न, आणि काका, तो खराच आहे. फियाटच्या पुढच्या दारांना त्रिकोणी काचा आहेत, त्या फिरवल्या की वारा थेट अंगावर येतो. पण मे महिन्यातल्या दुपारी वारा म्हणजे झळाच. तेव्हा स्पष्टच लिहितो. एसी काढला की एप्रिल-मेमध्ये आई या गाडीत बसणार नाही, ती दादाच्या गाडीतून जाईल. बाबांच्या गाडीतली तिची जागा वर्षातले दोन महिने रिकामी राहील. ही किंमत मला मान्य आहे, पण ती मोजायची आहे तिला. म्हणून शेवटचा शब्द तिचा.

मुंबईत पद्मिनीची शेवटची टॅक्सी २००३ साली नोंदली गेली आणि २०२३च्या ऑक्टोबरात तिची मुदत संपली. टॅक्सीवाल्यांबरोबर हे इंजिन हाताळणारे हातही कमी होणार. तेव्हा दादा, आधी रेडिएटर, मग थर्मोस्टॅट, मग एकदा खंबाटकी. काटा जागेवर राहिला की एसीचं बोलू.