मूळ बोलही छापायला हवेत

शिरगणतीने पाहिले तर छत्तीसगढी मुळीच छोटी भाषा नाही. 2011च्या जनगणनेत 1 कोटी 60 लाखांहून अधिक लोकांनी ती मातृभाषा म्हणून सांगितली. तक्त्यात मात्र ती हिंदीच्या पोटात गेली. 2007 साली छत्तीसगड राज्याने तिला राजभाषेचा दर्जा दिला. तरी भिलाईत नेहरू नगरच्या चौकात सहज कानावर पडणारी ही भाषा शोधनिबंधांत क्वचितच भेटते. माहिती तिच्यातून घेतली जाते, ज्ञान दुसऱ्याच भाषेत छापले जाते. माझ्या मते तिला छोटे केले आहे ते या व्यवहाराने.

सिकलसेल या रक्ताच्या आजाराचे उदाहरण पाहा. विदर्भात आणि छत्तीसगडमध्ये हा आजार अनेक कुटुंबांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. रुग्णाला छत्तीसगढीत विचारायचे, उत्तर हिंदीत टिपायचे आणि निबंध इंग्रजीत लिहायचा, असे झाले की त्याच्या सांगण्याला दोनदा गाळणी लागते. ठणका, कळ, चमक, शिणवटा यांतला फरक मराठी वाचकाला समजावून सांगावा लागत नाही. इंग्रजी तक्त्यात मात्र या सगळ्यांचा एकच रकाना होऊ शकतो. माणसांच्या बोलण्यावर उभ्या राहिलेल्या संशोधनात त्यांचे मूळ शब्द हाच पुरावा असतो. नाव-गाव वगळून तो निबंधासोबत छापावा, निष्कर्षांचा सारांशही त्याच भाषेत द्यावा आणि प्राध्यापकाच्या मूल्यमापनात या कामाला गुण मिळावेत. असे पूर्वी घडलेही आहे. धमतरीचे शिक्षक हिरालाल काव्योपाध्याय यांनी 1885 साली छत्तीसगढीचे व्याकरण हिंदीत लिहिले, त्यात छत्तीसगढी कथा-गीतेही दिली. भाषाभ्यासक ग्रियर्सन यांनी केलेले त्याचे इंग्रजी रूप 1890 साली बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकातून जगापुढे आले. इंग्रजीत जाण्यासाठी मूळ बोल पुसावे लागले नाहीत.

अशा भाषेत परीक्षक कुठून आणायचे, हा आक्षेप खरा आहे. पण सांख्यिकी तपासणारा इंग्रजीत तपासेलच. सारांश नीट उतरला का, हे तिथली परिचारिका किंवा शिक्षक अधिक चांगले सांगतील. अशा भाषेत परिभाषाच नाही, असे म्हणणाऱ्यांनी पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळाकडे पाहावे. 1910 साली इतिहासकार वि. का. राजवाड्यांच्या पुढाकाराने ते उभे राहिले आणि अस्सल कागद मराठीतच छापत गेले. ते वाचण्यासाठी परदेशी अभ्यासकही मराठी आणि मोडी लिपी शिकले.