गिलाव्याचा हिशेब आणि गरिबाचे घर

पावसाळा ओसरला की पाचोरा तालुक्यातील जुन्या घरांच्या पश्चिमेकडील भिंतींची दैना उघडी पडते. चार महिने पावसाची झड त्याच अंगाला बसलेली असते. कुठे गिलाव्याला पोपडे आलेले, कुठे आतली माती उघडी पडून ओघळलेली, तर कुठे भिंतीच्या तळाशी गुडघाभर उंचीपर्यंत लोणा चढलेला. घरमालक गवंड्याला बोलावतो, गवंडी एक आकडा सांगतो आणि तो आकडा ऐकून घरमालक पुढच्या वर्षाचा वायदा करतो. भिंत मात्र पुढच्या वर्षाची वाट पाहत नाही.

हा आकडा एवढा मोठा का असतो? याचे सोपे उत्तर गावोगाव तयार असते : सिमेंट महागले, वाळू मिळत नाही, गवंडी मातले. यातील पहिली दोन कारणे अर्धसत्य आहेत आणि तिसरे बव्हंशी अन्यायाचे आहे. घराचे बाहेरचे आवरण बदलण्याचा खर्च केवळ मालाच्या दरावर ठरत नाही. तो माल कोण घेतो, किती घेतो, कोणाच्या पैशाने घेतो आणि शासनाच्या लेखी त्याचे घर 'घर' आहे की नाही, यांवरही ठरतो.

मातीच्या भिंतीचे खरे मोल

खानदेशातील जुने घर म्हणजे मातीच्या जाड भिंती आणि वर धाबे. ज्यांना तेवढेही परवडत नसे त्यांचे घर तुराट्यांच्या किंवा पऱ्हाट्यांच्या कुडाचे, त्यावर शेणमातीचे लिंपण. उन्हाळ्यात पारा पंचेचाळीस अंशांकडे झुकतो त्या मुलखात जाड मातीची भिंत हे शहाणपण होते. माती पांढरीची, शेण गोठ्यातले, पाणी विहिरीचे. वर्षातून एकदा लिंपण आणि सणावारी सारवण केले की भिंत टिके.

या भिंतीला खर्च येत नसे, असे अजूनही कौतुकाने सांगितले जाते. वस्तुतः खर्च येत होता. तो घरातील बाई भरत होती. माती खणणे, ती वाहून आणणे, तुडवणे, हाताने लिंपणे ही सारी मजुरी हिशेबात शून्य धरली जात होती. आज ती बाई कापूस वेचणीला किंवा निंदणीला जाते आणि तिच्या दिवसाला बाजारात दर आहे. गुरे कमी झाली, शेण विकत घ्यावे लागते आणि पांढरीची माती उचलू देण्यास ग्रामपंचायत राजी नसते. मातीची भिंत 'महाग' झाली याचा एक अर्थ असा की स्त्रीच्या फुकट श्रमाचा आधार निघाला. याबद्दल हळहळण्याचे कारण नाही. पण त्या जागी दुसरा कोणता आधार उभा राहिला, हे विचारावे लागेल.

भिंतीच्या आत काय आहे

सिमेंटच्या गिलाव्याचा खर्च भिंतीच्या क्षेत्रफळावरून काढतात. परंतु खरा फरक पडतो तो गिलाव्याखाली काय आहे यामुळे. मातीच्या भिंतीवर नुसता सिमेंटचा थर चढवला तर तो तिला धरून राहत नाही. माती ओल शोषते व सोडते. सिमेंटचा थर ती बाहेर पडू देत नाही. दोन-तीन पावसाळ्यांत मधली माती भुसभुशीत होते आणि गिलावा पत्रावळीसारखा सुटतो. म्हणून आधी सुटे पोपडे काढणे, भिंतीला टाचे मारणे, जाळी ठोकणे ही कामे करावी लागतात. त्यांचा खर्च पहिल्या अंदाजात नसतो. काम सुरू झाल्यावर तो पुढे येतो आणि वाद होतात.

दुसरे कारण जमिनीत आहे. काळी कपाशीची जमीन पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. उथळ पायाच्या भिंती तिच्याबरोबर हलतात, त्यांना तिरप्या चिरा जातात. अशा भिंतीवर कितीही चांगला गिलावा केला तरी चीर पुन्हा उमटणार. पाया दुरुस्त न करता केलेला गिलावा म्हणजे दर तीन वर्षांनी भरायचा दंडच. पाया दुरुस्तीला पैसा नसतो म्हणून दंड भरावा लागतो आणि दंड भरता भरता पायासाठी पैसा उरत नाही. गरिबीचा हा एक फेरा भिंतीवरच लिहिलेला असतो.

आकडे मांडून पाहिले तर

वीस फूट रुंद, तीस फूट लांब, दहा फूट उंच असे सुटे घर उदाहरणादाखल घेऊ. चारही बाजूंनी भिंतीचे क्षेत्र हजार चौरस फूट भरते. गल्लीतील घराच्या दोन भिंती शेजाऱ्यांशी सामाईक असतील तर हेच काम चारशे चौरस फुटांवर येते. सुट्या घराला बाहेरून २० मिलिमीटर जाडीचा, एकास चार प्रमाणाचा गिलावा करायचा तर सुमारे १७ पोती सिमेंट आणि एक ब्रासच्या आतबाहेर वाळू लागेल. एक गवंडी व दोन बिगारी दिवसाकाठी साधारण शंभर चौरस फूट काम करतात. म्हणजे दहा दिवसांचे काम झाले.

पोते ३५० रुपये, घरपोच वाळू ६,००० रुपये ब्रास, गवंड्याचा रोज ८०० आणि बिगाऱ्याचा ५०० रुपये असे दर गृहीत धरू. गावागणिक ते बदलतील; प्रत्येकाने आपल्या गावचे दर घालून हिशेब करावा. सिमेंटचे होतात ५,९५० रुपये, वाळूचे ६,०००, मजुरीचे १८,०००. पहाड बांधणे, जाळी, जुना गिलावा काढणे, वाहतूक आणि पाणी मिळून आणखी पाच हजार धरले की बेरीज सुमारे ३५ हजारांवर जाते. जो माणूस दुसऱ्याच्या शेतात रोजाने राबतो त्याच्या घराची ही कथा आहे, हे विसरता कामा नये.

या बेरजेत मजुरी निम्मी आहे, म्हणून गवंडी डोळ्यांत येतो. परंतु हे काम वर्षभर मिळत नाही. पावसाळ्यात ते थांबते, उन्हाळ्यात पाणी मारायला टँकर आणावा लागतो म्हणून रेंगाळते आणि दिवाळीनंतरच्या हंगामात सर्वांना एकाच वेळी गवंडी हवा असतो. दहा दिवसांची मजुरी मोठी दिसते, रिकामे गेलेले महिने कुणी मोजत नाही. बांधकाम कामगारांसाठी १९९६ चा कायदा आहे, महाराष्ट्रात २०११ पासून कल्याणकारी मंडळ आहे. पण गावात घरोघरी काम करणाऱ्या गवंड्याला ९० दिवसांच्या कामाचा दाखला मिळवताना नाकी नऊ येतात. मजुरी कमी करून भिंत स्वस्त करण्याचा मार्ग समाजवाद्यांचा असू शकत नाही.

सिमेंट, वाळू आणि व्याज

सिमेंट हा महाराष्ट्रात राजकारणाचा विषय फार पूर्वीपासून आहे. वाटपावर नियंत्रण होते त्या काळात बिल्डरांना दिलेले सिमेंट आणि ट्रस्टला मिळालेल्या देणग्या यांचा संबंध मृणाल गोरे व प. बा. सामंत यांच्यासारख्यांनी चव्हाट्यावर आणला. १९८२ च्या जानेवारीत मुंबई उच्च न्यायालयाचा प्रतिकूल निर्णय आल्यावर मुख्यमंत्री अंतुले यांना पद सोडावे लागले. त्याच वर्षी नियंत्रण अंशतः उठले आणि १९८९ मध्ये पूर्णपणे संपले. खुल्या बाजारात स्पर्धा होईल आणि भाव उतरतील, असे तेव्हा सांगण्यात आले. प्रत्यक्षात २०१२ मध्ये स्पर्धा आयोगाने संगनमताबद्दल ११ सिमेंट कंपन्यांना सहा हजार कोटींहून अधिक दंड ठोठावला. तो आदेश प्रक्रियेतील त्रुटीमुळे रद्द झाला, २०१६ मध्ये आयोगाने पुन्हा दंड केला, २०१८ मध्ये अपील न्यायाधिकरणाने तो उचलून धरला आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. दरम्यान २०२२ मध्ये अंबुजा व एसीसी अदानी समूहाकडे गेल्या आणि अल्ट्राटेकने एकामागून एक कंपन्या ताब्यात घेतल्या. नियंत्रणाच्या काळात परमिट विकले जाई. आता बाजारच मोजक्या हातांत आहे.

करकपातीचेही असेच आहे. २०१७ पासून सिमेंटवर २८ टक्के वस्तू व सेवा कर होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून तो १८ टक्के झाला. तांदळाच्या पोत्यापेक्षा सिमेंटच्या पोत्यावर चैनीच्या वस्तूसारखा कर आठ वर्षे घेतला गेला, हेच मुळात चूक होते. ही सवलत ग्राहकापर्यंत पूर्ण पोचली असे मानले तरी वरील घराला १७ पोत्यांमागे पाचशे रुपयेही वाचत नाहीत. एवढ्यात गवंडी आणि एक बिगारी यांचा एक दिवसही निघत नाही.

वाळूचे प्रकरण अधिक अवघड आहे. गिरणेचे पात्र उशाशी असूनही पाचोरा-भडगावच्या माणसाला वाळू दुर्मिळ व्हावी, हे विपरीत वाटते. पण पात्रातील वाळू हे नदीकाठच्या विहिरींचे पाणी साठवण्याचे भांडे आहे. ते खरवडून काढले तर केळी आणि कापूस दोन्ही वाळतील. म्हणून उपशावर मर्यादा हवीच. प्रश्न मर्यादेचा नाही, मर्यादेचा फायदा कोण उपटतो याचा आहे. राज्य शासनाने २०२३ मध्ये ६०० रुपये ब्रास दराने डेपोतून वाळू देण्याचे धोरण आणले आणि २०२५ मध्ये ते गुंडाळून पुन्हा लिलाव आणले. नव्या धोरणात घरकुलाच्या लाभार्थ्याला ५ ब्रासपर्यंत वाळू विनामूल्य देण्याची तरतूद आहे. आपल्या जुन्या भिंतीला गिलावा करणाऱ्याला ज्या एका ब्रासची गरज आहे, ती मात्र त्याला रात्रीच्या ट्रॅक्टरवाल्याच्या दराने घ्यावी लागते.

आणि सर्वांत मोठा, पण कुणाच्याही अंदाजपत्रकात नसलेला घटक म्हणजे व्याज. वरील ३५ हजार रुपये वार्षिक २४ टक्के व्याजाने काढून दोन वर्षांत समान हप्त्यांनी फेडले तर व्याजापोटी नऊ हजारांहून अधिक जातात. म्हणजे भिंतीला लागलेल्या सर्व सिमेंटपेक्षा व्याज दीडपट महाग पडते. सावकाराचा 'शेकडा तीन' असेल तर विचारायलाच नको. बँकेत जावे तर जागेचा उतारा लागतो आणि गावठाणाबाहेरच्या वस्तीतील माणसाकडे तो नसतो. ज्याच्याकडे कागद आहे त्याला स्वस्त पैसा मिळतो. ज्याच्याकडे नाही त्याच्यासाठी तीच भिंत, तोच गिलावा अधिक महाग होतो.

दुरुस्ती ही कुणाची जबाबदारी?

शासनाचे धोरण नव्या घराचे आहे, दुरुस्तीचे नाही. पंतप्रधान आवास योजनेच्या ग्रामीण भागात सपाट प्रदेशासाठी १ लाख २० हजारांचे अनुदान २०१६ पासून तेवढेच राहिले; २०२५ मध्ये राज्याने त्यात भर घालण्याचे ठरवले. परंतु २०११ च्या सामाजिक-आर्थिक व जातगणनेने पत्र्याच्या छताला 'पक्के' मानले आणि भिंत व छत दोन्ही कच्चे असलेल्यांनाच पात्र धरले गेले. पोटाला चिमटा घेऊन धाब्याच्या जागी पत्रे टाकणारा माणूस त्यामुळे यादीतून बाहेर फेकला गेला. त्याची मातीची भिंत तशीच राहिली.

आपत्तीतही तेच. २०२१ च्या ऑगस्टअखेर तितूर आणि डोंगरी नद्यांच्या पुराने चाळीसगाव परिसरात घरे कशी खचली ते जिल्ह्याने पाहिले. त्यानंतर २०२२ ते २०२६ या काळासाठी जे मदतीचे निकष ठरले, त्यांत अंशतः पडझड झालेल्या कच्च्या घराला ४,००० आणि पक्क्याला ६,५०० रुपये आहेत. ३५ हजारांच्या कामाला चार हजार!

दुरुस्ती ही खासगी बाब आहे, असे यावर सांगितले जाईल. मग मुंबईतील जुन्या उपकरप्राप्त इमारतींसाठी १९६९ मध्ये कायदा करून दुरुस्ती मंडळ का नेमले गेले? तेथे भाडेकरूंच्या संघटित दबावापुढे शासनाला मान्य करावे लागले की जुने घर सांभाळणे हेही सार्वजनिक काम आहे. लंडनमध्ये २०१७ साली ग्रेनफेल टॉवरच्या ज्वालाग्राही बाह्य आवरणाने पेट घेतला आणि ७२ माणसे मेली. तशा इतर इमारतींचे आवरण बदलण्याचा खर्च सदनिकाधारकांच्या माथी मारला जात होता. तेथील रहिवाशांनी झगडून २०२२ च्या कायद्याने संरक्षण मिळवले. खर्च कुणाच्या माथी जातो, हे दोन्हीकडे संघटनेने ठरवले.

पाचोरा तालुक्यातील कार्यकर्त्यांना यातून काम निघते. एका गावापासून आरंभ करावा. ज्या घरांच्या भिंती गेल्या आहेत त्यांची भिंतवार मोजणी करावी, सार्वजनिक बांधकाम विभागाची दरसूची आणून ग्रामसभेत वाचावी आणि अंदाजपत्रक गवंड्यांना सोबत घेऊन बनवावे. वीस घरांचे सिमेंट एकत्र घेतले तर किरकोळीचा भाव द्यावा लागणार नाही. विकास सोसायटीने हे करावे, असा ठराव करता येतो. त्याच बैठकीत गवंडी-बिगाऱ्यांची मंडळाकडील नोंदणी करून घ्यावी, म्हणजे घरमालक आणि मजूर एकमेकांसमोर उभे राहणार नाहीत. आणि तीन मागण्या लावून धराव्यात : घरकुलाच्या जोडीला दुरुस्तीचे स्वतंत्र अनुदान, दुरुस्तीसाठीही एक ब्रास वाळूचा हक्क, आणि पडझडीच्या भरपाईला दरसूचीचा आधार. तहसील कचेरीत मोर्चा न्यायचा तर हातात घोषणेबरोबर हा हिशेबाचा कागदही असावा. पुढचा पाऊस जूनमध्ये येणार आहे.