ताटाचे मोजमाप आणि सुट्टीचा अधिकार

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने मे २०२४ मध्ये भारतीयांसाठी आहारविषयक सुधारित मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली आणि तेव्हापासून विज्ञानवार्तांच्या आडून एक नवेच कर्मकांड रूढ होऊ पाहत आहे. दिवसभराच्या ताटात २५० ग्रॅम धान्य, ४०० ग्रॅम भाज्या, ८५ ग्रॅम डाळी हे आकडे सर्वत्र छापले गेले. बघता बघता त्यांचा अर्थ असा लावला गेला की सुजाण माणसाने ओट्यावर तराजू ठेवावा, प्रत्येक घास मोबाईलमध्ये नोंदवावा आणि या नोंदीत एका दिवसाचाही खंड पडू देऊ नये. मूळ दस्तऐवजात १७ तत्त्वे आहेत. रोज न चुकता कॅलरी लिहिण्याचे तत्त्व त्यांत कुठेही नाही.

या नित्यनेमाला ‘वैज्ञानिक’ म्हणणाऱ्यांनी आधी मापनशास्त्राकडे पाहावे. जबलपूरच्या कमानिया गेटच्या परिसरात मिळणारी खोव्याची जिलेबी घ्या. ती मैद्याच्या जिलेबीहून दाट, काळपट आणि जड. खोवा किती आटवलेला, पाक किती मुरलेला, तूप किती शोषलेले, हे हलवायालाही ग्रॅममध्ये सांगता येणार नाही. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या अन्नघटक कोष्टकांत ५२८ पदार्थ आहेत, पण ते प्रामुख्याने कच्चे. घरच्या भरल्या वांग्याचे किंवा आमटीचे मूल्य त्यांवरून अंदाजानेच काढावे लागते. मग पडद्यावर ‘१८४७ कॅलरी’ असा चार अंकी आकडा उमटतो तेव्हा त्यातला शेवटचा ७ कुठून आला? भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याने असे उत्तर लिहिले, तर त्याची वही परत येते.

कर्बोदके व प्रथिने यांना ग्रॅममागे ४ आणि मेदाला ९ कॅलरी, हे गुणक अ‍ॅटवॉटर यांच्या एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीच्या कामातून आलेले आहेत. ते सरासरी गुणक आहेत. अमेरिकेच्या कृषी खात्यातील संशोधकांनी २०१२ मध्ये बदामांवर प्रत्यक्ष प्रयोग केला, तेव्हा या पद्धतीने काढलेली ऊर्जा शरीराला खरोखर मिळणाऱ्या ऊर्जेपेक्षा सुमारे ३२ टक्के जास्त निघाली. ही पद्धतशीर त्रुटी होय. काटाच चुकीचा असेल, तर तीच वस्तू एकदा तोला की ३६५ वेळा तोला, चूक तेवढीच राहते. रोजच्या नोंदीने अचूकता वाढते हा समज इथेच कोसळतो.

यादृच्छिक चढउतारांचा प्रश्न वेगळा आहे, त्याला नमुना पुरतो. आहारसंशोधनात व्यक्तीची सवय जाणण्यासाठी तीन किंवा सात दिवसांची नोंद घेण्याची रीत जुनीच आहे. त्यांत एखादा रविवार, एखादा सणाचा दिवस आला म्हणजे चित्र पुरेसे स्पष्ट होते. भाताची उकळी कळायला शिते मोजत बसत नाहीत. (आणि वजनकाट्याचे म्हणाल, तर शरीरातील पाण्यामुळेच ते एका दिवसात किलोभर इकडेतिकडे होऊ शकते.)

विरोधी पक्षाचा एक पुरावा मात्र भक्कम आहे आणि तो टाळणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. २००८ मध्ये अमेरिकेत सुमारे १७०० लोकांवर झालेल्या अभ्यासात आठवड्यातून सहा दिवस आहार लिहिणाऱ्यांचे वजन, एक दिवस किंवा त्याहून कमी लिहिणाऱ्यांच्या जवळजवळ दुप्पट घटले. लिहिण्याने लक्ष राहते, हे मान्यच. पण तिथेही दिवस सहा होते. शिवाय जो चिकाटीने लिहितो तो इतर पथ्येही चिकाटीने पाळतो, म्हणून श्रेय किती लेखणीचे व किती स्वभावाचे, हे केवळ त्या आकड्यावरून ठरत नाही. नोंदीला सुट्टी म्हणजे पथ्याला सुट्टी नव्हे, हेही इथे सांगून ठेवावे. ताट तेच राहते, फक्त हिशेब थांबतो.

अखंड हिशेबाची किंमत कोण मोजते? २०१७ मध्ये आहारविकारांच्या १०५ रुग्णांची पाहणी प्रसिद्ध झाली. त्यांतील सुमारे तीनचतुर्थांश जणांनी कॅलरी मोजणारे एक लोकप्रिय अ‍ॅप वापरले होते, आणि वापरणाऱ्यांपैकी ७३ टक्के जणांना त्याने आपला विकार वाढवला असे वाटत होते. नमुना छोटा, मतही रुग्णांचे. अ‍ॅपमुळेच विकार झाला असे त्यावरून म्हणता येत नाही. तरीही ज्या घरात दहावी-बारावीतली मुलगी आजीच्या हातची पुरणपोळी ‘कशात नोंदवायची’ या भीतीने पानात तशीच ठेवते, त्या घराने हा आकडा दुर्लक्षू नये.

मोजणी कशासाठी असते याचे उदाहरण जबलपुरातच आहे. १९८४ मध्ये स्थापन झालेल्या तेथील आदिवासी आरोग्य संशोधन संस्थेने मंडला जिल्ह्यातील गावांत फ्लोराईडमुळे वाकलेल्या पायांच्या मुलांचा अभ्यास केला. पाणी तपासले, आहार तपासला. मोजणी संशोधकांनी केली. गावकऱ्यांच्या वाट्याला निष्कर्ष आला. सुरक्षित पाणी, आणि कॅल्शियमसाठी रानात उगवणारी टाकळ्याची भाजी. कामाचे मोजमाप असे निष्कर्षापाशी येऊन थांबते.

इन्सुलिन घेणारे मधुमेही, मूत्रपिंडाचे रुग्ण, डॉक्टरांनी नोंद ठेवायला सांगितलेले लोक यांना हा युक्तिवाद लागू नाही; त्यांची नोंद हा उपचाराचा भाग आहे. बाकीच्यांनी दोन-तीन महिन्यांतून एक आठवडा नीट लिहावे, त्यातून एखादी सवय बदलावी आणि वही मिटावी. अ‍ॅप बनवणाऱ्यांकडे मागणी एवढीच आहे की ‘सलग २१२ दिवस’ अशी शाबासकी देणाऱ्या पडद्यावर ‘सुट्टी’ नावाचे एक बटण असावे, आणि ते दाबल्यावर तो आकडा शून्यावर येऊ नये.